टेबलाचा माथा फ्रेमला घट्ट बसवावा की मोकळा ठेवावा?

फिरकी:
नमस्कार मंडळी,
हौस म्हणून लाकूडकाम शिकते आहे. फोटोची चौकट, पुस्तकांची मांडणी, एक स्टूल एवढं करून झालं. आता अभ्यासाचं टेबल करायला घेतलंय. माथा १२०० × ६०० मिमी, सागवानाच्या २२ मिमी जाडीच्या फळ्या कडेला कड लावून जोडायच्या. पाय आणि फ्रेमही सागवानीच, सांधे खाच-कुसूचे.

अडलंय ते एका ठिकाणी. माथा फ्रेमवर बसवायचा कसा? ओळखीचे एक अनुभवी सुतार म्हणाले, गोंद लावून खालून स्क्रू मार, हलणार नाही. वाचनात मात्र वारंवार येतं की गोंद नको, लाकडाला जागा ठेवा. मला स्वतःला दुसरं पटतंय, पण मग टेबल डुगडुगणार नाही का? आणि जागा ठेवायची तर नेमकी किती?

यंत्रांमध्ये फक्त ड्रिल आहे. बाकी ४ नंबरचा लोखंडी रंधा, दोन करवती, तीन पटाश्या, गुण्या आणि मार्किंग गेज. जागा म्हणजे खोलीचा एक कोपरा.

मोगरी:
गोंद अजिबात नको. सविस्तर रात्री लिहितो.

आडवी_रेषा:
तुमचं मन जे सांगतंय तेच बरोबर आहे. "किती" याचं उत्तर आकड्यात देता येतं, म्हणून जरा लांबण लावतो.

लाकूड हवेतली आर्द्रता घेतं आणि सोडतं. घेतलं की फुगतं, सोडलं की आकसतं. पण तिन्ही दिशांना सारखं नाही. रेषांच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, लांबीत ते इतकं कमी हलतं की फर्निचरसाठी शून्य धरा. रुंदीत मात्र हलतंच, आणि रुंदीतही दोन प्रकार. फळीच्या टोकाकडे बघा. वलयं आडवी पसरलेली दिसली तर ती फळी जास्त हलणार, वलयं उभी दिसली तर साधारण निम्मी.

सागवानासाठी ओलाव्यातल्या दर १ टक्का फरकामागे आडव्या वलयांच्या फळीची रुंदी ०.००१८६ पट बदलते, उभ्या वलयांच्या फळीची ०.००१०१ पट. खोलीतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकडातला ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो. तीच ८० वर गेली तर १६ च्या आसपास. म्हणजे कोरड्या आणि दमट दिवसांत ४ टक्क्यांचा फरक सहज पडतो.

आता गुणाकार करा. ६०० × ०.००१८६ × ४ = जवळजवळ साडेचार मिमी. सगळ्या फळ्या उभ्या वलयांच्या मिळाल्या तर अडीच मिमीच्या आत. आणि सागवान हे कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे, बऱ्याच जातींमध्ये हा आकडा याहून मोठा येतो.

माथ्याखालची आखूड बाजूची पट्टी माथ्याला आडवी जाते. तिची लांबी बदलत नाही, माथ्याची रुंदी बदलते. दोघांना गोंदाने जखडलं तर साडेचार मिमी कुठेतरी बाहेर पडणारच. एक तर माथा फाटेल, नाहीतर फ्रेमचे सांधे उघडतील.

तिरकी_करवत:
आकडे ठीक आहेत, पण थोडा असहमत आहे. आमच्याकडे स्क्रूने घट्ट बसवलेलं टेबल आहे, कित्येक वर्षं वापरात आहे, एक चीर नाही. सगळेच सुतार पिढ्यानपिढ्या चुकीचं करत होते असं म्हणायचं का? पुस्तकातली भीती आणि प्रत्यक्ष यात फरक असतो.

आडवी_रेषा:
@तिरकी_करवत, मुद्दा रास्त आहे, म्हणून विचारतो. माथा अखंड लाकडाचा आहे की प्लायवूडवर सागवानाचा पातळ पापुद्रा (व्हिनिअर) चिकटवलेला? प्लायवूडमध्ये एकावर एक पातळ थरांच्या रेषा काटकोनात असतात, थरांची संख्या विषम असते, आणि प्रत्येक थर शेजारच्याला हलू देत नाही. त्यामुळे प्लायवूडचा माथा कसाही घट्ट बसवा, काही होत नाही. अखंड लाकडाचा असेल तर रुंदी किती?

तिरकी_करवत:
खाली वाकून कड तपासली. थर दिसतात. प्लायवूडच आहे. :)

मोगरी:
हां, म्हणजे दोघंही बरोबर. आजकाल बहुतेक सुतारांचं काम प्लायवूडमध्ये चालतं आणि तिथे गोंद-स्क्रू हाच योग्य मार्ग आहे. @फिरकी, तुमच्या ओळखीच्या काकांनी सवयीने त्या हिशोबाने सांगितलं असावं. त्यांना एकदा "अखंड फळ्यांचा माथा आहे" असं सांगून बघा, वेगळं उत्तर मिळेल.

आता पद्धत. मी लाकडी गुटके वापरतो. चार बोटं लांबीचा छोटा ठोकळा, एका टोकाला जीभ, म्हणजे पुढे आलेला पातळ भाग, ठेवायची. फ्रेमच्या पट्टीला आतून, वरच्या कडेपासून साधारण १२ मिमी खाली खाच पाडायची. गुटक्याची जीभ त्या खाचेत, आणि गुटक्यातून स्क्रू वर माथ्यात. स्क्रू माथा खाली ओढून धरतो, त्यामुळे डुगडुगण्याचा प्रश्नच नाही. पण जीभ खाचेत सरकू शकते, त्यामुळे माथा मोकळा.

तीन गोष्टी सांभाळा.
खाचेपासून माथ्यापर्यंतचं अंतर जिभेच्या वरच्या अंतरापेक्षा केसभर जास्त ठेवा, म्हणजे स्क्रू आवळल्यावर ताण बसतो.
लांब पट्ट्यांवरचे गुटके खाचेत पूर्ण टेकवू नका. जीभ दोन-तीन मिमी मागे ठेवा, कारण माथा त्या पट्टीकडे आणि पट्टीपासून दूर अशा दोन्ही बाजूंना सरकणार आहे.
आणि गुटक्याच्या रेषा जिभेच्या लांबीच्या दिशेने जायला हव्यात. आडव्या रेषेत कापलेली जीभ पहिल्याच स्क्रूला तुटते.

खाच पाडायला नांगरी रंधा नसेल तर सलग खाचेची गरजच नाही. प्रत्येक गुटक्यासाठी पटाशीने वेगळी छोटी खाच करा. तुमच्याकडच्या हत्यारांत होईल.

गुण्या:
गुटके छान दिसतात, पण पहिल्या टेबलासाठी आणखी सोपा उपाय आहे. फ्रेमला आतून एक जाड पट्टी गोंद-स्क्रूने बसवा आणि त्या पट्टीत माथ्याच्या स्क्रूसाठी गोल भोकाऐवजी लांबट भोक करा. दोन भोकं शेजारी पाडून मधलं पटाशीने काढलं की झालं. लांबट भोकाची लांबी माथ्याच्या रुंदीच्या दिशेने हवी. स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर टाका. आखूड पट्टीच्या बरोबर मध्यावरचा एक स्क्रू मात्र साध्या गोल भोकात बसवा. मध्य पक्का राहिला की माथा दोन्हीकडे सारखा वाढतो, आणि पुढची कड एका बाजूला सरकलेली दिसत नाही.

फिरकी:
बाप रे, इतकं सविस्तर! सर्वांचे आभार. गुटक्यांचंच करते, पटाशीचा सराव होईल.
आता उपप्रश्न. फळ्या आणून भिंतीला टेकवून ठेवल्यात. पुरेशा सुकल्यात की नाही कसं ओळखायचं? दुकानदार तर "एकदम सुकी" असंच म्हणणार.

निळा_पारवा:
सगळ्यात आधी त्या भिंतीवरून काढा. टेकवलेली फळी स्वतःच्या वजनाने वाकते आणि एकाच बाजूने हवा लागते. आडव्या रचा, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, पट्ट्या एकाखाली एक सरळ ओळीत. वर थोडं वजन.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते असेल तर उत्तमच. नसेल तर वजनकाटा पुरतो. एका फळीवर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. दर आठवड्याला तीच फळी तोला. वजन उतरत असेल तोवर लाकूड अजून पाणी सोडतंय. सलग दोन-तीन वेळा वजन तेवढंच भरलं की ते तुमच्या खोलीच्या हवेशी जुळलं.

अचूक टक्का हवा असेल तर फळीच्या मधून एक छोटा तुकडा कापून तोला, मग १०३ अंश सेल्सियसला भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि पुन्हा तोला. घटलेलं वजन भागिले सुकं वजन, गुणिले १००. टोकाचा तुकडा घेऊ नका, टोकं नेहमी मधल्या भागापेक्षा लवकर सुकतात.

सुगरण_पटाशी:
निळा_पारवा +१. आणि रंधून जाडी कमी केल्यावर पुन्हा दोन दिवस थांबा. आतला भाग उघडा पडला की फळी थोडी बाक घेते. म्हणून आधी दोन-तीन मिमी जास्त ठेवून रंधायचं, विश्रांती द्यायची, मग शेवटचा हात.

फिरकी:
फळ्या आडव्या रचल्या. वजन लिहायला सुरुवात केली. कडा जोडण्याबद्दल कोणी लिहील का? हाताच्या रंध्याने चार फूट लांब कड काटकोनात येईल असं अजून वाटत नाही.

मोगरी:
काटकोनात यायची गरजच नाही, हीच तर त्यातली सुंदर गोष्ट आहे!

शेजारी येणाऱ्या दोन फळ्या घ्या. पुस्तक मिटल्यासारख्या एकावर एक ठेवा, वरच्या तोंडाला वरचं तोंड लावून. दोन्ही कडा एकदम शिकंज्यात धरून एकाच वेळी रंधा. रंधा थोडा तिरका चालला तर एक कड ८९ अंशांची होईल आणि दुसरी ९१ ची. उघडून शेजारी ठेवल्या की १८० भरतात आणि माथा सपाट येतो. ४ नंबरच्या रंध्याचं पातं २ इंच रुंद असतं, म्हणजे २२ च्या दोन कडा एकत्र ४४ मिमी, आरामात मावतात.

दुसरं, कड मध्यभागी अगदी किंचित खोल असलेली चांगली. दोन फळ्या कडेवर कड ठेवून उजेडासमोर धरल्या की मध्यात कागदाएवढी फट दिसावी आणि टोकं घट्ट टेकलेली असावीत. उलटं नको. टोकं कोरड्या हवेत सगळ्यात आधी आकसतात, त्यामुळे तिथे सांधा आधीच दाबलेला असला तर उघडत नाही. मध्यातली फट क्लॅम्पने बंद होते.

कड खोल आणायला रंधा टोकांपासून थोडा आत सुरू करून दुसऱ्या टोकाच्या थोडा आधी उचलायचा, असे दोन-तीन हात. मग एक पूर्ण हात.

तिरकी_करवत:
आणि खुंट्या? मी नेहमी कडेच्या सांध्यात लाकडी खुंट्या घालतो, नाहीतर सांधा कमजोर राहील.

आडवी_रेषा:
लांबीच्या रेषेला लांबीची रेष चिकटली की चांगल्या गोंदाचा सांधा शेजारच्या लाकडापेक्षा मजबूत होतो. मुद्दाम तोडून बघा, लाकूड सांध्याच्या बाहेर फाटतं. खुंट्यांनी ताकद फारशी वाढत नाही. त्यांचा खरा उपयोग फळ्या वर-खाली सरकू नयेत हा. म्हणून हव्या असतील तर घाला, पण ताकदीसाठी नको.
एंड ग्रेनला, म्हणजे फळीच्या टोकाच्या आडव्या कापाला, मात्र गोंद नीट धरत नाही. तिथे खाच-कुसूच हवं, आणि ते तुम्ही करताच आहात.

सुगरण_पटाशी:
सागवानाबद्दल एक राहिलं. त्यात नैसर्गिक तेल असतं, ते रंधल्यानंतर हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि गोंदाला आडवं येतं. कडा रंधल्या त्याच दिवशी जोडा. जोडायच्या आधी अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा, वाळू द्या, लगेच गोंद. खिडकी उघडी ठेवा, जवळपास आग नको.

पांढऱ्या गोंदाला क्लॅम्पखाली किमान तासभर द्या आणि पूर्ण ताकद यायला २४ तास. थंडीत, १० अंशांच्या खाली, तो नीट धरत नाही.

गुण्या:
वलयांची दिशा आलटून-पालटून ठेवायची का, हा वाद इथे पेटायच्या आधी माझं मत लिहून ठेवतो. एक वर, एक खाली असं ठेवलं तर माथा एकसंध वाकत नाही पण बारीक लाटा येतात. सगळी वलयं एकाच बाजूला ठेवली तर एक मोठा बाक येतो, पण तो मध्यातल्या स्क्रूने खाली धरता येतो. सुकं लाकूड असेल तर दोन्हीत फार फरक पडत नाही. मी आधी दिसणं बघतो, आणि त्याहून आधी रेषांचा चढ बघतो. सगळ्या फळ्यांचा चढ एकाच दिशेने ठेवा, म्हणजे जोडल्यावर माथा रंधताना एका फळीत रंधा सुळसुळ आणि शेजारच्या फळीत टवके, असं होत नाही.

निळा_पारवा:
वाद पेटलाच नाही, कारण हे अगदी पटलं.

ढलपी:
नवीन सदस्य आहे, धागा पहिल्यापासून वाचला. मध्येच विचारतो, माफी असावी. रंधा सुळसुळ चालतो म्हणताय, माझा तर फळीवर अडतो आणि टवकेच काढतो. नवीन रंधा आहे, सहा महिनेही झाले नाहीत. कंपनी बदलू का?

मोगरी:
कंपनी नका बदलू, धार लावा. नवा रंधा धार लावूनच वापरायचा असतो, कारखान्यातून येते ती फक्त घासलेली कड.

पात्याची मागची बाजू आधी सपाट करा, फक्त धारेजवळचा पाऊण-एक इंच पुरे. मग उतार. २५ अंशांवर घासलेला असतोच, धार ३० अंशांवर लावा, म्हणजे दर वेळी फक्त टोकाची अरुंद पट्टी घासावी लागते आणि काम दोन मिनिटांत होतं. १००० च्या दगडावर सुरुवात करून मागच्या बाजूला पूर्ण रुंदीत सुरा येईपर्यंत घासा. सुरा म्हणजे नखाला लागणारी ती धातूची बारीक झालर. ती आली नाही तर धार झालीच नाही, कितीही बारीक दगड वापरा. मग ४००० किंवा ६००० चा दगड, शेवटी चामड्यावर हिरव्या पेस्टने परजायचं.

दगड नसतील तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवा. ४००, १०००, २०००. तेवढ्यावर उत्तम धार येते.

सुगरण_पटाशी:
आणि टवक्यांवर दुसरा उपाय, पात्यावरची टोपी. बऱ्याच जणांना ती फक्त पातं आवळायला आहे असं वाटतं. तिची कड धारेपासून ०.२ मिमीपर्यंत जवळ आणा. साल लाकडातून उचलली जाते त्या क्षणी टोपी तिला मोडते, त्यामुळे ती पुढे फाटत जात नाही. उलट्या रेषेच्या आणि गाठींजवळच्या लाकडातही फरक डोळ्यांना दिसतो. टोपी मात्र पात्यावर पूर्ण टेकलेली हवी, फट राहिली तर साल अडकते.

सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. सागवान रंधताना धार वारंवार लावायची तयारी ठेवा.

ढलपी:
काय जादू आहे! टोपी जवळ आणली, काचेवर पातं घासलं. पहिल्यांदाच अख्खी, न तुटलेली साल निघाली. खिशात घालून फिरतोय.

आडवी_रेषा:
@ढलपी, अभिनंदन. ती पहिली साल प्रत्येकाने जपून ठेवलेली असते.

अवांतर, पण आवडीचं म्हणून सांगतो. आज आपण जो लोखंडी रंधा वापरतो, चाकाने पातं वर-खाली होणारा, त्याची रचना लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची. १८६९ मध्ये स्टॅन्ले कंपनीने त्याचा कारखाना विकत घेतला आणि ४ नंबर वगैरे हे क्रमांक तेव्हापासूनचे. रचना फारशी बदललेली नाही, म्हणून जुना रंधा मिळाला तर गंजाला घाबरू नका. तळाला चीर नाही ना, तोंडाची कड तुटलेली नाही ना आणि पातं खाचेपर्यंत संपलेलं नाही ना, एवढं बघा. गंज निघतो, चीर निघत नाही.

उभा_छेद:
सगळे हातहत्यारांचीच बाजू घेताय. मी टेबल सॉ (टेबलात बसवलेली यांत्रिक गोल करवत) आणि राउटर (खाचा पाडायचं यंत्र) वापरतो, आणि त्याने लाकूडकाम कमी प्रतीचं होत नाही. ज्यांना आठवड्यातून दोनच तास मिळतात त्यांनी फळ्या रंधतच बसायचं का?

मोगरी:
अजिबात नाही. फळ्यांची जाडी एकसारखी करण्याचं कष्टाचं काम यंत्राने करावं आणि सांधा हाताने बसवावा, मलाही तेच आवडतं. इथे @फिरकी यांच्याकडे यंत्र नाही म्हणून हाताचं बोलणं चाललंय. पण तुम्ही लिहाच, टेबल सॉवर नव्याने येणाऱ्यांना तुमचा अनुभव हवा.

उभा_छेद:
मग कळकळीने लिहितो, कारण यात बोटं जातात.

पात्यामागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे कापलेली फट उघडी ठेवणारी धातूची पट्टी असते, ती काढून ठेवू नका. कापलेली फट मागे मिटून पात्याला चिमटली की फळी अंगावर फेकली जाते. पात्याच्या सरळ रेषेत उभं राहू नका. अरुंद पट्टी कापताना हात नाही, ढकलायची काठी. आडवा काप घेताना बाजूची कुंपणपट्टी आणि कोनमापी गाडी एकाच वेळी वापरू नका, तुकडा मध्ये अडकून उडतो. फिरणाऱ्या यंत्राजवळ हातमोजे नकोत, ते हात आत ओढतात. अंगठी, सैल बाही, गळ्यातली साखळी, सगळं बाजूला.

कातडीचा स्पर्श ओळखून काही मिलिसेकंदांत पातं थांबवणारी यंत्रंही आहेत. स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये तो शोध लावला. पण यंत्र कितीही चांगलं असलं तरी वर लिहिलेलं सुटत नाही.

निळा_पारवा:
भुशाचंही लिहा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाचा भुसा मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. नाकाच्या आणि सायनसच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. डोळ्यांना दिसतो तो भुसा जमिनीवर बसतो, त्रास देतो तो हवेत तरंगणारा, न दिसणारा. घासताना एन-९५ मास्क लावा आणि काम संपल्यावरही थोडा वेळ राहू द्या. झाडू मारू नका, ओलं फडकं किंवा व्हॅक्यूम.

रंध्याची साल जमिनीवर पडते, हवेत राहत नाही. खोलीच्या कोपऱ्यात काम करणाऱ्याला हा मोठा फायदा आहे.

ढलपी:
शिसवाबद्दल विचारायचं होतं. तेही घासताना त्रास होतो म्हणतात.

निळा_पारवा:
बरोबर ऐकलंय. शिसवाच्या वर्गातल्या लाकडांच्या भुशाने त्वचेवर पुरळ, दमा असा त्रास काही जणांना होतो, आणि एकदा सुरू झाला की पुढच्या प्रत्येक वेळी वाढतो. पूर्ण बाह्या, मास्क आणि थोड्या कामाने सुरुवात.
शिवाय डालबर्जिया, म्हणजे शिसवाचा वंश, जवळजवळ अख्खा जानेवारी २०१७ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्या लाकडाच्या देशाबाहेरच्या व्यापारावर नियंत्रण आहे. जुन्या मोडक्या फर्निचरमधलं शिसव पुन्हा वापरणं मला सर्वांत योग्य वाटतं.

तिरकी_करवत:
अजून एक. माझ्याकडच्या एका फळीला टोकाकडून चीर आहे. कापून टाकू की वापरता येईल?

आडवी_रेषा:
चीर सुकताना पडलेली असेल आणि आता वाढत नसेल तर तिच्यावर आडवी फुलपाखरी पाचर बसवा. मध्ये अरुंद, दोन्हीकडे रुंद, रेषा चिरेला काटकोनात. जॉर्ज नाकाशिमा यांनी याच पाचरेला लपवण्याऐवजी माथ्यावर मिरवलं. मूळचे वास्तुविशारद. १९३० च्या दशकात पुद्दुचेरीच्या अरविंद आश्रमातल्या गोलकोंड या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी काम केलं होतं, फर्निचरसाठी जगप्रसिद्ध व्हायच्या कितीतरी आधी.

आधी पाचर पूर्ण करा, मग ती फळीवर ठेवून मार्किंगच्या सुरीने तिच्याभोवती आखा. पेन्सिल नको. सुरीच्या ओरखड्यात पटाशीची धार आपोआप बसते. पाचरेच्या कडा खालच्या बाजूला अगदी किंचित निमुळत्या ठेवा, ठोकताना वरची कड घट्ट भरते.

फिरकी:
मंडळी, प्रगती कळवायची राहिली होती.

वजन स्थिर झालं, मगच फळ्या जोडल्या. दोन कडा एकत्र रंधायची युक्ती अप्रतिम आहे, माथ्यावर सरळपट्टी ठेवली तर जेमतेम उजेड दिसतो. क्लॅम्प चारच होते, शेजारच्या हौशी दादांकडून आणखी मागून आणले. फ्रेमचे सांधे बसले. गुटके आठ केले, रेषा जिभेच्या दिशेनेच. माथा दाबून बघितला, टेबल जराही हलत नाही. सुतारकाकांना नेऊन दाखवलं. अखंड लाकूड आहे म्हटल्यावर "मग बरोबर केलंस" म्हणाले आणि गुटका हातात घेऊन बराच वेळ बघत होते.

आता पॉलिश. जवसाचं तेल लावू की लाखेचं पॉलिश? आणि फक्त वरून लावलं तर चालेल ना?

मोगरी:
फक्त वरून अजिबात नको! खालून उघडा राहिलेला माथा खालून जास्त वेगाने ओलावा घेणार, वरून कमी, आणि मग तो वाकणार. वर जेवढे हात तेवढेच खाली. एंड ग्रेनला एक जास्त.

सुगरण_पटाशी:
अभ्यासाच्या टेबलावर गरम कप येणार, पाणी सांडणार. लाखेवर दोन्हीचे पांढरे डाग पडतात. तेलाचं फिनिश दुरुस्तीला सोपं, ओरखडा पडला तर तेवढ्याच भागावर पुन्हा हात मारता येतो. मी उकळलेलं जवसाचं तेल सुचवेन. पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढायचं, दुसरा हात दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर. पृष्ठभागावर तेल राहिलं तर चिकट होतं आणि तसंच राहतं.

आणि हे नक्की वाचा. तेल पुसलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन सुकतं, त्यात उष्णता निघते, आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती साठत जाऊन कोणी न पेटवता आग लागते. फडकी बाहेर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

फिरकी:
फडक्यांचं खरंच माहीत नव्हतं. बाहेर दोरीवर पसरते.

शेवटचा प्रश्न, मग पुढचा धागा काढते. माथ्याच्या दोन्ही टोकांना आडवी पट्टी लावलेली टेबलं बघितली, एंड ग्रेन झाकायला. ती पट्टी गोंदाने बसवायची?

गुण्या:
मध्यातल्या चार-पाच इंचांत गोंद, बाकी कोरडी. माथ्याच्या टोकाला जीभ आणि पट्टीत खाच. दोन्ही टोकांजवळ खुंट्या मारायच्या, पण जिभेतली भोकं लांबट. दमट दिवसांत माथा पट्टीपेक्षा दोन्हीकडे मिमी-दोन मिमी बाहेर येईल, कोरड्या दिवसांत आत जाईल. ते दिसणार, आणि दिसू द्यायचं. तुमचा माथा जोडून झालाय, त्यामुळे आता जीभ काढली तर लांबी थोडी कमी होईल, ती फ्रेमच्या मापाला चालते का ते आधी बघा.

फिरकी:
फ्रेमबाहेर दोन्हीकडे ८० मिमी आहे, चालेल. तेल लावायच्या आधीच करते.